तारीख पाकिटावरची, राखण घरातली

लातूरच्या आमच्या घरात अन्न पारखायच्या दोन पद्धती एकाच ओट्यावर चालतात. मुलगी पाकीट उलटंपालटं करून तारीख शोधते. सासूबाई, ज्यांना आम्ही सगळ्या जावा आत्याबाई म्हणतो, त्या डबा उघडून नाकाशी नेतात, चिमूटभर पीठ तळहातावर चोळतात, जिभेच्या टोकाला लावतात आणि मग निकाल देतात. मधे मी. अन्न टाकावं लागलं की मला मनापासून वाईट वाटतं, आणि घरात कुणाचं पोट बिघडलं तर त्याहून जास्त. म्हणून या दोघींचं ऐकत, थोडं वाचत, थोडं किराणा दुकानदाराला आणि डाळमिलवाल्यांना विचारत मी या विषयाच्या मागे लागले आहे.

माझं मत एवढंच झालं आहे की पाकिटावरची तारीख अटीवर दिलेली असते. तारखेच्या आसपास बारीक अक्षरांत ती अट छापलेली असते: थंड आणि कोरड्या जागी ठेवा, उन्हापासून दूर ठेवा, उघडल्यावर हवाबंद डब्यात काढा, अमुक दिवसांत संपवा. आपण तारीख वाचतो, अट वाचत नाही. अट मोडली की तारखेला काही अर्थ उरत नाही, मग ती पुढच्या दिवाळीची का असेना.

आमच्याकडचा मे महिना घ्या. पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो. गावाकडच्या पत्र्याच्या स्वयंपाकघरात दुपारी भिंतीला हात लागला तर चटका बसतो. तिथल्या फळीवरच्या शेंगदाण्याला, तिळाला, सुक्या खोबऱ्याला थंड जागा कुठून मिळणार? ज्यात तेल आहे ते सगळं उष्णतेनं, हवेनं आणि उजेडानं खवट होतं. तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि पारा चढला की तो वेगानं होतो. शेंगांच्या चटणीच्या पाकिटावर तीन महिन्यांपुढची तारीख असली, तरी उघड्या पाकिटाला रबर लावून ते गॅसशेजारी ठेवलं तर मे महिन्यात त्या चटणीला खवट वास सुटायला फार दिवस लागत नाहीत. पावसाळा लागला की संकट दुसरं. हवेतली ओल पीठ, रवा, बेसन ओढून घेतात, जाळी धरते, अळ्या होतात. तोच रवा कोरड्या स्टीलच्या डब्यात, घट्ट झाकणाखाली, डिसेंबरच्या थंडीत अगदी ठणठणीत राहतो. छापखान्यात तारीख उमटली तेव्हा त्या मशीनला आमचं पत्र्याचं छत माहीत नव्हतं.

टेट्रापॅकमधलं दूध हे या अटीचं सगळ्यात चांगलं उदाहरण. ते १३५ अंशांच्या आसपास काही सेकंद तापवतात आणि निर्जंतुक खोक्यात हवा न लागू देता भरतात. म्हणून बंद असेपर्यंत ते फ्रिजबाहेरही महिनोन्महिने टिकतं. कोपरा कापला की वरची लांबची तारीख संपली. आता ते साधं दूध आहे, फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायचं. आमच्या एका नातेवाइकांकडे असं कापलेलं खोकं तारखेवर भरवसा ठेवून ओट्यावरच राहायचं. मी सांगितलं तेव्हा त्यांना खरं वाटेना, कारण तारीख तर पुढची होती.

कायदा याबाबत बराच स्पष्ट आहे. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार पाकीटबंद पदार्थावर तयार केल्याची किंवा पॅक केल्याची तारीख आणि ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ तारीख लिहावीच लागते. ‘बेस्ट बिफोर’ जास्तीची माहिती म्हणून देता येते. ‘बेस्ट बिफोर’ उलटली तर चव, वास, खुसखुशीतपणा उतरलेला असू शकतो, पण नीट ठेवलेला पदार्थ खाण्यालायक असू शकतो. एक्सपायरी उलटलेला माल विकायला बंदी आहे. साखर, व्हिनेगर, न चिरलेली ताजी फळं-भाज्या यांना तारखेची सक्ती नाही. सुट्या मिठाईच्या ट्रेवरही १ ऑक्टोबर २०२० पासून ‘बेस्ट बिफोर’ची पाटी लावणं बंधनकारक आहे. मी पेढे घ्यायला गेले की ती पाटी बघते आणि दिसली नाही तर विचारते. खव्याच्या बाबतीत लाज धरायची नाही.

घरोघरी घोटाळा होतो तो सगळ्या तारखांना सारखंच वजन दिल्यामुळे. पिशवीतलं दूध, पनीर, खवा, चिरून पॅक केलेली फळं, मटण, बाळाचं डब्यातलं अन्न यांच्या तारखेपुढे मी कुणाचंही ऐकत नाही, आत्याबाईंचंही नाही. यात वाढणारे काही जंतू असे असतात की त्यांना ना वास असतो ना रंग. पदार्थ छान दिसतो, छान लागतो आणि रात्री दवाखाना गाठावा लागतो. ‘बेस्ट बिफोर’ची तारीख नुकतीच सरलेला धने-जिऱ्याचा मसाला, शेवया, पोहे, पापड यांच्या बाबतीत मात्र आत्याबाईंचं नाक आमच्या घरातलं शेवटचं कोर्ट आहे. मसाल्याचा वास गेला असेल तर तो जरा जास्त घालावा लागतो, एवढंच. आणि ज्यावर एक्सपायरी छापली आहे ते त्या तारखेआधी संपेल अशा बेतानंच आणायचं. मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून आणायचं, त्यातला चौथा हिस्सा टाकायचा, यात स्वस्ताई कुठे राहिली?

इथे एक तक्रार मांडायलाच हवी. तारीख वाचायची तर ती दिसायला पाहिजे. चंदेरी पाकिटावर फिक्या ठिपक्यांची अक्षरं, तीही शिवणीच्या चुण्यांत. कुठे ‘तळाशी पाहा’, कुठे ‘झाकणावर पाहा’. काही पाकिटांवर तारीख बोटानं पुसली जाते. आणि सगळं इंग्रजीत. लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असलं की नियम पुरा होतो, मराठी कंपनीच्या मर्जीवर. आत्याबाई पोथी अस्खलित वाचतात, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचतात, आणि घरातला प्रत्येक डबा त्यांच्या हातून भरला जातो. त्यांना ही तारीख वाचता येत नाही. महाराष्ट्रात विकायच्या पाकिटावर ठसठशीत मराठीत ‘या तारखेपर्यंत वापरा’ छापणं कोणत्याही कंपनीला जड नाही. आमच्यापुरतं आम्ही असं केलं आहे की पाकीट घरात आलं की मुलगी मार्कर पेननं मोठ्या मराठी आकड्यांत तारीख लिहिते, आणि ज्या दिवशी ते फोडलं त्या दिवशीची तारीख खाली लिहिते. या दुसऱ्या तारखेचा मला पहिलीपेक्षा जास्त उपयोग होतो.

आत्याबाईंच्या पिढीपुढचा प्रश्न वेगळा होता. कधीपर्यंत टिकेल हे कुणी सांगत नव्हतं, म्हणून कसं टिकवायचं हे शिकावं लागलं. बहात्तरच्या दुष्काळात त्या शाळकरी वयाच्या होत्या. खडी फोडायच्या कामावर गेलेले आई-वडील, कामावर मिळणारी सुकडी, रेशनला आलेला तांबडा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, आणि त्याच्या न थापल्या जाणाऱ्या भाकरी, हे सगळं त्या अजून काल घडल्यासारखं सांगतात. त्या दिवसांतून आलेलं माणूस जोंधळ्याचा सांडलेला दाणा वेचून घेतं, यात नवल काही नाही.

त्यांच्या माहेरी पेव होतं. कठीण जमिनीत खणलेलं, तोंडाशी अरुंद आणि पोटात मोठं असं ते धान्याचं कोठार. आत कडब्याचं, काडाचं अस्तर लावायचं, जोंधळा भरायचा, तोंडावर फरशी ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. आत कोंडलेली हवा दाणे आणि किडे मिळून श्वासात संपवून टाकतात. ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि किडे मरून जातात. वर्षानंतरही जोंधळा चांगला निघायचा. पण त्याच कारणानं पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उतरायचं नाही. तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. कंदील विझला तर अजून थांबायचं. घाई केलेली माणसं गुदमरून गेल्याचं त्या भागातल्या प्रत्येक जुन्या माणसाला माहीत असतं. आज वेफर्सच्या पाकिटात नायट्रोजन भरतात तेही आतला ऑक्सिजन काढून टाकण्यासाठीच, आणि त्या फुगलेल्या पाकिटावरची तारीख ते फोडेपर्यंतचीच असते.

आमचं लातूर तुरीचं आणि डाळमिलांचं गाव. इथल्या बायकांना तूर राखायला शिकवावं लागत नाही, तरी त्यातलं कारण मला फार उशिरा कळलं. भुंगा आख्ख्या दाण्यावर अंडी घालतो आणि अळी आत पोखरत जाते. भरडून डाळ केली की त्याला तशी जागा मिळत नाही, म्हणून आख्ख्या तुरीपेक्षा डाळ जास्त टिकते. डाळीला एरंडेलाचा हात फिरवायचा, कारण तेलाच्या थराखाली अंडी जगत नाहीत. चैत्र-वैशाखाच्या उन्हात दोन-तीन दिवस वाळवायची, पूर्ण थंड झाल्यावरच भरायची, नाहीतर डब्याच्या आत वाफ धरते. कडुनिंबाचा पाला घालायचा तोही सावलीत वाळवलेला. ओला पाला घातला तर धान्यालाच ओल लागते. हे सगळं आत्याबाई एका दमात सांगतात. त्यांचं पाहून मी शिकले.

याच्याऐवजी आता धान्यात गोळ्या टाकायची पद्धत पसरली आहे, आणि त्याबद्दल मला काळजी वाटते. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो किड्यांसाठी आहे आणि तितकाच माणसांसाठीही जीवघेणा आहे. बंद गोदामात जाणकार माणसानं वापरायची ती गोष्ट. झोपायच्या खोलीतल्या पोत्यात ती टाकू नका. किडलेली तूर पुन्हा विकत घेता येईल, गेलेला जीव नाही.

दुधाचं तर घरात एक पूर्ण शास्त्र होतं. दूध उरलं की विरजण. दही आंबट व्हायला लागलं की घुसळून ताक आणि लोणी. लोण्याचं तूप, ज्यात पाण्याचा अंश राहत नाही म्हणून ते महिनोन्महिने टिकतं. ताकाची कढी, नाहीतर जोंधळ्याच्या पिठाची आंबील. प्रत्येक पायरीवर दुधाचं आयुष्य वाढतं, कारण दह्यातले जंतू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात दुसऱ्या बऱ्याच जंतूंना जगता येत नाही. भाकरीचंही तसंच. रात्री उरलेली भाकर सकाळी दह्यात नाहीतर ताकात कुस्करून, वर कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. नाहीतर तेलात लसूण-मिरची घालून फोडणीची भाकर. अगदीच उरल्या तर उन्हात कडक वाळवायच्या, कारण ज्यात पाणी नाही त्यात जंतू वाढत नाहीत. पालेभाजी निवडल्यावर उरलेले कोवळे देठ वरणात जातात. दोडक्याच्या शिरांची चटणी होते, आणि ती मला दोडक्याच्या भाजीपेक्षा जास्त आवडते.

एवढं सगळं प्रेमानं सांगून झाल्यावर आता उलट बाजूही सांगते, कारण जुन्या पद्धतीतही धोके होते आणि ते लपवून चालणार नाही.

भाताचा धोका तर अनेकांना ठाऊकच नसतो. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. भात शिजला तरी ते मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की उबेत ते रुजतात आणि एक विष तयार करतात. सकाळी फोडणीचा भात चांगला चरचरीत परतला तरी ते विष जात नाही. म्हणून आमच्याकडे भात उरला की तो पसरट ताटात काढून लवकर निववायचा आणि तासाभरात फ्रिजमध्ये टाकायचा. फोडणीचा भात मला अतिशय आवडतो आणि तो मी दुसऱ्या दिवशी बिनधास्त करते, पण फक्त फ्रिजमध्ये राहिलेल्या भाताचा. अन्नातले जंतू साधारण पाच ते साठ अंशांच्या मधे झपाट्यानं वाढतात. फ्रिज पाच अंशांच्या खाली हवा, आणि आमच्या उन्हाळ्यात वीज गेली की तो तसा राहत नाही. वीज गेलेली असताना फ्रिजचं दार उघडायचं नाही हे लहान मुलांनाही सांगून ठेवलं आहे. दुधाची पिशवी दारातल्या कप्प्यात ठेवायची सवयही मी मोडली, कारण फ्रिजमध्ये सगळ्यात उबदार जागा तीच.

शेंगदाण्याचा धोका जुना आहे. ओल लागलेल्या शेंगांवर अॅस्परजिलस बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन हे विष सोडते. यकृताला ते घातक आहे आणि भाजण्यानं, शिजवण्यानं ते पुरतं नष्ट होत नाही. सुरकुतलेला, काळपट, कडवट दाणा निवडून फेकायलाच हवा. ‘एवढ्याशा बुरशीनं काय होतंय’ म्हणून तो कुटात घालू नये. ब्रेडचं, भाकरीचंही तेच. वरचा हिरवा ठिपका खरवडला तरी बुरशीचे धागे आत पसरलेले असतात.

भगरीचं मी मुद्दाम वेगळं सांगते, कारण मराठवाड्यात दर थोड्या वर्षांनी महाशिवरात्रीला, एकादशीला, नवरात्रात भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात आणि एकेका गावात पंगतीच्या पंगती दवाखान्यात जातात. सुटी भगर किती जुनी आहे, कुठे ओल खाऊन आली आहे, हे तिच्याकडे बघून कळत नाही. पीठ तर त्याहून वाईट, कारण पिठाला ओल लवकर लागते आणि बुरशी दिसत नाही. अन्न व औषध प्रशासन दर उपवासाच्या आधी सांगतं की भगर पाकीटबंद घ्या, तारीख बघा, स्वच्छ करून वापरा, दळून ठेवू नका. इथे पाकिटावरची तारीख खरोखर जीव वाचवणारी आहे. उपवासाला दोन-तीन किलो भगर लागणाऱ्या देवळांच्या आणि सप्ताहाच्या मंडळींनी तर यात पैसे वाचवायला जाऊच नये.

आणि गुरांबद्दल. शहरात आल्यापासून आपल्याला वाटतं की उरलेलं सगळं गाईम्हशीला घातलं की पुण्य आणि सोय दोन्ही होतं. बुरशी आलेली भाकर म्हशीनं खाल्ली तर तिच्या दुधातून अफ्लाटॉक्सिनचाच एक प्रकार बाहेर पडतो आणि तो आपल्याच कपात येतो. पोळ्याला बैलांना पुरणपोळ्यांचा ढीग चारला की दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांची धावपळ होते, कारण गूळ-धान्याचा मारा त्यांच्या पोटात आम्ल वाढवतो. जे आपण बुरशीमुळे टाकतो ते जनावरालाही नको.

आता एका गोष्टीकडे येते जी मला सगळ्यात जास्त टोचते. आपल्याकडे अन्न वाया जात नव्हतं असं आपण अभिमानानं सांगतो. ते कुणाच्या पोटात जात होतं हे सांगत नाही. गड्यांना आणि मुलांना ताजं वाढायचं, मग म्हाताऱ्यांना, आणि सगळ्यांचं झाल्यावर बाईनं आदल्या दिवशीची भाकर, पातेल्याच्या बुडाचं कोरड्यास, म्हणजे भाजी-आमटी, आणि मुलांच्या ताटातलं उष्टं घेऊन बसायचं. आत्याबाईंनी आयुष्यभर हेच केलं. त्यांच्या माहेरीही त्यांच्या आईनं हेच केलं. घर काटकसरी ठरलं, कारण एका बाईनं सगळं शिळं खाल्लं. माझं लग्न झालं तेव्हा मलाही न सांगता तेच ताट आलं, आणि कुणी वाईट हेतूनं दिलं असं मुळीच नाही. ती रीतच होती.

आमच्याकडे ती रीत आता बदलली आहे. शिळी भाकर सगळ्यांच्या ताटात अर्धी-अर्धी येते, नवऱ्याच्याही, मुलाच्याही. सुरुवातीला आत्याबाईंना ते अजिबात रुचलं नाही. “गड्यामाणसाला शिळं वाढायलीस व्हय?” असं त्या म्हणाल्या आणि दोन दिवस माझ्याशी तोडून बोलल्या. मुलानं दह्यात कुस्करून, वर शेंगदाण्याची चटणी घालून खाल्ली आणि पुन्हा मागितली, तेव्हा कुठे त्यांचा राग निवळला. आणि एक झालं. ज्याच्या ताटात शिळं येतं तो मोजून करायला सांगतो. आता नवराच संध्याकाळी फोन करून कळवतो की जेवायला यायला जमणार नाही. पूर्वी हा फोन यायचा नाही, कारण उरलेल्याचं काय होतं हे त्याच्यापर्यंत कधी पोचतच नव्हतं.

जगाचे आकडे पाहिले तरी घराकडेच बोट जातं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचा अंदाज आहे, आणि त्यातलं साठ टक्के घरांतून. मला आकडा समजायचा तर तो लातूरच्या पाण्यात मोजावा लागतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं, पुढे पन्नास वाघिणींची गाडी पंचवीस लाख लिटर आणू लागली. आम्ही घागरी मांडून बसलेलो होतो, त्यामुळे ही संख्या आमच्या अंगावर लिहिलेली आहे. एक किलो तांदूळ पिकायला, पावसाचं धरून, सरासरी अडीच हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं असं या विषयातले अभ्यासक सांगतात. म्हणजे ती अख्खी गाडी हजार किलो तांदळाची. लग्नाच्या हंगामात एका मंगल कार्यालयाच्या मागच्या दाराशी भाताचे ढीग पाहिले की मला त्या वाघिणी दिसतात.

घरात आम्ही जे करतो त्यात अवघड काही नाही. नवीन पाकीट मागे, जुनं पुढे. जिथे तीन माणसं जेवणार तिथे पाचांचा भात लावायचा नाही, त्याकरता पितळी वाटीचं माप ठरवलं आहे. फ्रिजचा मधला कप्पा उरलेल्यासाठी राखून ठेवला आहे, काचेच्या डब्यांत, म्हणजे आत काय आहे ते दिसतं. स्टीलच्या बंद डब्यात ठेवलेलं वरण विसरलं जातं, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. माळवं आठवड्याच्या बाजारातून एकदम पिशवीभर आणण्याऐवजी दोन खेपांत आणतो, कारण कोथिंबीर आणि मेथी आमच्या उन्हाळ्यात कुणाची वाट बघत नाहीत. बटाटे-कांदे एकत्र ठेवत नाही आणि बटाटे अंधारात ठेवतो. हिरवा पडलेला बटाटा मात्र सरळ टाकते, त्यात सोलॅनिन हे विष असतं.

उरलेल्या अन्नाचा सगळ्यात जुना उपाय मला वेळअमावस्येला शेतात दिसतो. डिसेंबर-जानेवारीत, लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी गावं ओस पडतात आणि सगळी माणसं रानात असतात. कडब्याच्या खोपीजवळ पूजा होते, ज्वारी-बाजरीचे उंडे, तुरीच्या-हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची भज्जी, आंबील, खीर. स्वयंपाक नेहमी ढिगानं होतो, पण वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून बसवतात. ज्यांना शेत नाही त्यांना आदल्या दिवशीच आवतण गेलेलं असतं. जास्तीचं अन्न त्याच दुपारी दुसऱ्याच्या पोटात जातं, ते साठवायची वेळच येत नाही. शहरातल्या फ्लॅटमध्ये हे जमवायचं तर डबा उरायच्या आधी शेजारी द्यावा लागतो, गरम असताना, उरला म्हणून नाही. वरच्या मजल्यावर परीक्षेची तयारी करणारी मुलं राहतात. त्यांना मी आता दुपारीच विचारते, संध्याकाळी धपाटे चालतील का.

गेल्या वेळअमावस्येला खीर आम्ही मुद्दाम कमी केली, कारण दुधाची खीर उन्हात दिवसभर राहिल्यावर घरी न्यायची नाही हे ठरलं होतं. आंबील संपली, खीर संपली. निघताना परातीत उंडे आणि पातेल्यात थोडी भज्जी उरली. मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी भज्जीवरचं झाकण काढलं, वास घेतला आणि म्हणाल्या, “भज्जी घरी गेल्या गेल्या उकळी देऊन आजच सपवा. उद्याला ठेवायची न्हाई. उंडे ऱ्हाऊ द्या, दोन दिस कुटं जात न्हाईत.”